बिजागरीचा ट्रॅकर आणि ज्येष्ठा ते लगून: प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

काम असं: बिजागरीचा ट्रॅकर, म्हणजे ताऱ्यांच्या वेगाने कॅमेरा वळवणारं साधं यंत्र, घरी बनवायचा आणि पावसाळ्याच्या आत त्यावरून वृश्चिक-धनू भागातल्या आकाशगंगेचा एक नीट फोटो काढायचा. ५० मिमीच्या लेन्सने, एका बाजूला ज्येष्ठा आणि दुसऱ्या बाजूला लगून तेजोमेघ. दोघांमधलं अंतर साडेएकवीस अंशांच्या आसपास आहे. माझ्या कॅमेऱ्यावर ५० मिमीची चौकट लांबीकडून साडेसव्वीस अंश धरते, म्हणजे दोन्ही व्यवस्थित बसतात.

स्थिर ट्रायपॉडवर हे का जमत नाही, त्याचा हिशेब आधी लिहून ठेवतो. कॅमेरा एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा), २४ मेगापिक्सेल, एक पिक्सेल ३.९ मायक्रॉनचा. ५० मिमीला एक पिक्सेल आकाशातल्या १६ विकला व्यापतो (अंशाचा साठावा भाग कला, कलेचा साठावा भाग विकला). आकाश सेकंदाला १५ विकला सरकतं. म्हणजे खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा सेकंदाला जवळजवळ एक पिक्सेल पुढे जातो. १८ मिमीला पिक्सेल ४५ विकलांचा होतो, तिथे थोडी उसंत मिळते. सगळे वापरतात तो ५०० चा नियम (५०० ला लेन्सच्या मिमीने आणि एपीएस-सीच्या दीड पटीने भागायचं, तेवढे सेकंद शटर उघडं) १८ मिमीला साडेअठरा सेकंद देतो, पण तेवढ्या वेळात धनूमधला तारा पाच पिक्सेल ओढला जातो. मोबाईलवर ते खपतं, बारा इंची छापील फोटोत तारे तांदळाच्या दाण्यासारखे दिसतात. हा नियम फिल्मच्या काळातला आहे आणि आजच्या सेन्सरसाठी तो फारच सैल आहे, असं माझं ठाम मत आहे.

बिजागरीच्या ट्रॅकरची कल्पना १९७० च्या दशकात स्कॉटलंडच्या जॉर्ज हेग यांनी लोकांपुढे आणली. दोन फळ्या, मध्ये बिजागरी, बिजागरीची रेघ ध्रुवाच्या दिशेला. आटे असलेली सळई फिरवली की वरची फळी हळूहळू उघडते आणि तिच्यावरचा कॅमेरा आकाशाच्या वेगाने वळतो. बाजारातला तयार ट्रॅकर तीस हजारांच्या पुढे जातो. तो वाईट नाही. पण ५० मिमीसाठी तेवढी अचूकता लागतच नाही, आणि हेच मला या प्रकल्पात मोजून बघायचं आहे: कोणती चूक किती चालते.

हंगामाचा विचार. हा पट्टा संध्याकाळी सोयीच्या वेळी वर असतो तो जून ते सप्टेंबर, आणि तेव्हा सह्याद्रीवर ढग. म्हणून आपला हंगाम फेब्रुवारीअखेर ते मे, पहाटेकडून मध्यरात्रीकडे सरकत येणारा. त्या बदल्यात उंची मिळते. लंडनहून आकाशगंगेचं केंद्र क्षितिजावर जेमतेम साडेनऊ अंश चढतं, आपल्याकडे ते दक्षिणेला ४३ अंशांपर्यंत येतं. इतकी चांगली जागा मिळालेली असताना फक्त १८ मिमीचे फोटो काढत राहणं मला पटत नाही.

अमावास्या २८ फेब्रुवारी, २९ मार्च, २७ एप्रिल, २७ मे. यंत्र पहिल्या तारखेला तयार हवं.


१९ जानेवारी, रविवार

पुण्यातल्या बोहरी आळीतून १८ मिमी प्लाय, एम-६ ची थ्रेडेड सळई, नट, वॉशर आणि फूटभर पियानो बिजागरी आणली. दाराच्या दोन सुट्या बिजागऱ्या स्वस्त पडतात, पण त्यांच्या पिनांमध्ये ढिलेपणा असतो आणि दोन्ही पिना एका रेषेत आणणं कठीण. अखंड पट्टीची बिजागरी घेतली की तो प्रश्नच उरत नाही. दुकानात तीन-चार पट्ट्या उघडून मिटून पाहिल्या, जिची पिन सगळ्यांत घट्ट ती निवडली.

आता मुख्य आकडा. एम-६ सळईचे आटे १ मिमीच्या अंतराने असतात, म्हणजे नट एकदा फिरला की सळई १ मिमी सरकते. आकाशाची एक फेरी २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांत, म्हणजे १४३६.०७ मिनिटांत होते. नट मिनिटाला एक फेरी फिरवायचा ठरवला तर सळईच्या वर्तुळाचा परीघ १४३६.०७ मिमी हवा, आणि त्याला २π ने भागलं की त्रिज्या येते २२८.६ मिमी. बिजागरीच्या पिनेच्या मध्यापासून सळईच्या मध्यापर्यंत हे अंतर. एम-८ सळई घेणाऱ्याने २८५.७ मिमी धरावं, कारण तिचे आटे १.२५ मिमीचे.

सुताराकडे गेलो तेव्हा त्याने विचारलं, “साहेब, मिमीच्या दहाव्या भागाचं काम प्लायमध्ये कसं करायचं?” प्रश्न बरोबर होता. तिथेच कागदावर हिशेब मांडला. अंतरात १ मिमी फरक पडला तर वेग ०.४४ टक्क्यांनी चुकतो. मिनिटाला आकाश ९०० विकला सरकतं, त्यातल्या ४ विकला चुकणार. ५० मिमीला तो पाव पिक्सेल. मग अर्ध्या मिमीच्या आत धरायचं ठरलं, आणि ते त्याने सहज धरलं.

सळई सरळ ठेवायची की वाकवायची? सरळ सळई फळी उघडत जाईल तशी वेग चुकवते. मात्र ही चूक सुरुवातीला अगदी किरकोळ असते: पहिल्या पाच मिनिटांत एक विकलाही नाही, दहा मिनिटांत सुमारे सहा, आणि वीस मिनिटांत पंचेचाळीसच्या पुढे. सुटे दीड-दोन मिनिटांचे फोटो काढणाऱ्याला, मधेमधे फळी मिटवून पुन्हा सुरू केलं तर, सरळ सळई पुरते. मला तासभर न थांबता काढायचंय, म्हणून वाकवलेली. प्लायच्या तुकड्यावर करकटकाने २२८.६ मिमी त्रिज्येचा कंस काढला, त्यावर खिळे ठोकले आणि सळई हाताने थोडी थोडी दाबत कंसाला मिळवली. पक्कड लावायची नाही, आटे बसतात.


२६ जानेवारी, रविवार

मोटर: २८बीवायजे-४८ स्टेपर (पावलापावलाने फिरणारी), सोबत ती चालवणारी यूएलएन२००३ ची पट्टी आणि आर्डुइनो नॅनो हा छोटा कंट्रोलर. तापकीर गल्लीत सगळं मिळालं. मोटर अगदी साधी आहे, पण तिच्या आत दातेरी चाकांची मालिका असल्यामुळे ती फार बारीक पावलं टाकते. खालच्या फळीवर ६० दात्यांचं चाक, त्याच्या मध्यात एम-६ नट पक्का बसवलेला. मोटरवर २० दात्यांचं चाक. म्हणजे मोटर मिनिटाला तीन फेऱ्या आणि नट एक. चाकं थ्रीडी प्रिंट करून घेतली.

बिजागरी कुठल्या बाजूला, हे एकदा नीट समजून घ्यावं. उत्तरेकडे तोंड केलं की तारे ध्रुवाभोवती घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. म्हणून बिजागरी डावीकडे, पश्चिमेला, आणि उजवी कड वर उचलली जाणारी. असं केल्याचा आणखी एक फायदा म्हणजे कॅमेऱ्याचं वजन सतत फळी मिटवायच्या दिशेने दाबतं, त्यामुळे चाकांच्या दात्यांमधला आणि आट्यांमधला ढिलेपणा एकाच बाजूला दाबलेला राहतो. तरी प्रत्येक वेळी मोटर सुरू केल्यावर मिनिटभर थांबून मगच शटर.

आज गच्चीवर पहिली चाचणी. उत्तरेला समोरची इमारत. ध्रुवतारा आपल्याकडे जेमतेम अठरा अंशांवर असतो, शहरात तो बहुतेकांच्या गच्चीवरून दिसतच नाही. होकायंत्राने उत्तर धरली. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाहूनही कमी फरक असल्याने साधं होकायंत्र चालतं, फक्त गच्चीच्या लोखंडी कठड्यापासून लांब उभं राहायचं. फळीचा कल कोनमापकाने साडेअठरा अंश.

मृग नक्षत्र, ५० मिमी, एफ ८, आयएसओ १००, दोन मिनिटं. आकाश नारिंगी, पण कमरपट्ट्याचे तिन्ही तारे ठिपके. ट्रॅकर बंद करून तेवढीच वेळ दिली तर शंभराहून जास्त पिक्सेलची रेघ. ट्रॅकर चालू असताना चार-पाच पिक्सेलचा उत्तर-दक्षिण ओढा राहिला. तो होकायंत्राच्या उत्तरेचा, यंत्राचा नाही: अक्ष एक अंश चुकला तर मिनिटाला १६ विकलांपर्यंत घसरण होते, म्हणजे ५० मिमीला बरोबर एक पिक्सेल. दोन मिनिटांत चार-पाच पिक्सेल म्हणजे दोन-अडीच अंशांची चूक, आणि हातातल्या होकायंत्राकडून याहून जास्त मागता येत नाही.


८ फेब्रुवारी, शनिवार

कोडमधला आकडा नक्की केला. या मोटरच्या एका फेरीत ४०९६ अर्धी पावलं असं सगळीकडे लिहिलेलं असतं. आतल्या चाकांचे दाते मोजून गुणोत्तर काढलं तर ते ६४ नसून ६३.६८ आहे, म्हणून खरी संख्या ४०७५.८. फरक अर्धा टक्का, मिनिटाला साडेचार विकला. म्हणजे सुताराचा एक मिमी आणि हा आकडा, दोन्ही एकाच वजनाचे. ते एका दिशेने चुकले तर बेरीज होते, म्हणून कोडमधली चूक ठेवायचं कारण नाही. दोन अर्ध्या पावलांमध्ये ४,९०७ मायक्रोसेकंद. एका पावलात आकाश ०.०७ विकला. ५० मिमीच्या पिक्सेलपुढे हे इतकं लहान आहे की मोटर टप्प्याटप्प्याने चालते हे फोटोत कळायचं कारणच नाही.

ध्रुवताऱ्याकडे रोखायला बिजागरीला समांतर एक नळी: २० सेंटीमीटर लांब, आतून ५ मिमी. तिच्यातून दीड अंशाच्या आतबाहेरचं आकाश दिसतं. नळी बिजागरीला खरंच समांतर आहे का हे दिवसा तपासलं. फळी उघडत-मिटत नळीतून लांबच्या पाण्याच्या टाकीचा कोपरा पाहायचा, तो जागचा हलता कामा नये. कागदाच्या घड्या खाली सारून तो स्थिर केला.

वीज: दहा हजार एमएएचची पॉवर बँक. काही पॉवर बँका कमी करंट घेतला की स्वतःहून बंद होतात, ही होत नाही, रात्रभर लावून पाहिली.


१ मार्च, शनिवार

काल अमावास्या. पुण्याहून नसरापूर फाटा, वेल्हे, भट्टी, पासली, केळद असा रस्ता. मढे घाटाच्या कड्यापासून जरा आत, वारा अडवणाऱ्या बांधाच्या आडोशाला यंत्र लावलं. ही जागा निवडायचं कारण नकाशावर आहे. इथून तोरण्याकडे रेघ ओढली आणि तशीच पुढे नेली तर ती पुण्यात जाते. शहराचा सगळा उजेड ईशान्येला, आणि आपल्याला हवं ते आग्नेय-दक्षिणेला. नैऋत्येला खाली महाडकडचा प्रकाश आहे, पण तो कोकणात, कड्याच्या खाली.

ध्रुवतारा नळीत यायला दोन मिनिटंही लागली नाहीत. इथे अक्षांश १८.२, बिजागरी जवळजवळ आडवी. युरोपातल्या लोकांना फळी पन्नास अंशांवर तिरपी टांगावी लागते आणि कॅमेऱ्याचा तोल सांभाळताना दमछाक होते. आपल्याकडे ते वजन ट्रायपॉडच्या मध्यावरच येतं. कमी अक्षांशाचा हा फायदा कुणी फारसा बोलून दाखवत नाही.

नुसतं ध्रुवताऱ्याला नळीत मध्यभागी धरलं तर काय होतं? ध्रुवतारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून सध्या ०.६३ अंश दूर आहे. तेवढी चूक मिनिटाला जास्तीत जास्त दहा विकला घसरवते. १८ मिमीला दोन मिनिटांत अर्धा पिक्सेल. म्हणून आज फक्त १८ मिमी.

केंद्र अडीचच्या सुमारास उगवलं, तीन वाजता कामाला लागलो. १८ मिमी, एफ ४, आयएसओ ८००, दोन मिनिटं. पहिली फ्रेम मागच्या पडद्यावर पूर्ण मोठी करून चारही कोपरे पाहिले. मध्यभागी तारे गोल, कोपऱ्यांत पंखासारखे पसरलेले, पण तो किट लेन्सचा स्वभाव आहे. ज्येष्ठेभोवतीचा पिवळसर धूसर डाग एकाच फ्रेममध्ये दिसला. वीस सेकंदांच्या फोटोत तो मी आजवर कधी पाहिला नव्हता. तिथेच उभा राहून बराच वेळ पाहत होतो.

जमिनीबद्दल. ट्रॅकर तारे थांबवतो आणि डोंगर हलवतो. दोन मिनिटांत १८ मिमीला डोंगराची कड चाळीस पिक्सेल ओढली जाते. म्हणून मोटर बंद करून त्याच जागेवरून, त्याच ट्रायपॉडवरून जमिनीची वेगळी फ्रेम, चार मिनिटं, आयएसओ ४००. नंतर दोन्ही जोडायच्या. याला माझी हरकत नाही, फोटोखाली ‘आकाश आणि जमीन वेगवेगळ्या एक्स्पोजरमध्ये, एकाच जागेवरून’ असं लिहिलं की झालं. हरकत आहे ती एका गावची आकाशगंगा दुसऱ्या गावच्या किल्ल्यावर चिकटवण्याला. ज्या दिशेला केंद्र कधी येतच नाही, त्या उत्तर कड्यावर ते उगवलेलं दाखवणारे फोटो मी पाहिले आहेत. ते पाहून कुणी नवा माणूस तिथे रात्र काढतो आणि हात हलवत परत येतो.

पाच चाळीसला पूर्वेकडे उजळायला लागलं.


१६ मार्च, रविवार

किरकोळ कामं. खालच्या फळीला ट्रायपॉडची पट्टी घट्ट बसवली. चाकांवर धूळ बसू नये म्हणून प्लास्टिकच्या डब्याचं झाकण. लेन्सभोवती यूएसबीवर चालणारी गरम पट्टी, कारण कड्यावर कोकणातून वर येणारी हवा दमट असते आणि पहाटे काच धुकटते.

एका मित्राने विचारलं की पेंचला का जात नाहीस. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळाला, देशातलं ते पहिलं. त्याआधी डिसेंबर २०२२ मध्ये लडाखच्या हान्लेला राखीव आकाशक्षेत्र जाहीर झालं. दोन्ही ठिकाणी जायचंच आहे. पण पुण्याहून संध्याकाळी निघून सकाळी परतता येईल अशा जागी, बऱ्यापैकी काळ्या आकाशात काय निघतं, हे कळल्याशिवाय तिथे जाणं मला घाईचं वाटतं.


३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

रात्री केळदमध्ये ज्यांच्या अंगणात गाडी लावतो त्या मावशींनी जाता जाताच सांगितलं, “आज खालच्या आळीत राब भाजलेत. धूर दोन वाजेस्तोवर ऱ्हातो, मग वारा सुटला की जातो.” भातरोपांच्या वाफ्यांवर पालापाचोळा आणि शेण पसरून जाळतात, तो हा राब. दक्षिणेचं क्षितिज खरंच तपकिरी होतं, दहा अंशांपर्यंत तारा नाही. घाई न करता दोनपर्यंत गाडीत झोपलो. अडीचला आकाश स्वच्छ. हवामानाच्या कुठल्याही अंदाजात ही माहिती मिळाली नसती. मावशींनी अंगणातला दिवाही आपणहून मालवला.

आजचं काम ५० मिमीसाठी ध्रुव नीट धरणं. खरा ध्रुवबिंदू ध्रुवताऱ्यापासून कोचाबच्या दिशेला असतो. कोचाब म्हणजे ध्रुवमत्स्यातला दुसरा ठळक तारा. या दिवसांत पहाटे तीनच्या सुमारास कोचाब ध्रुवताऱ्याच्या बरोबर वर असतो. म्हणजे नळीत ध्रुवतारा मध्यावर न ठेवता खालच्या कडेजवळ आणायचा, की नळीचा मध्य ध्रुवबिंदूवर येतो. दीड अंशाच्या नळीत मध्यापासून कडेपर्यंत पाऊण अंश, त्यातला ०.६३ सरकवायचा. डोळ्याने हे पाव अंशात जमतं. पाव अंश म्हणजे मिनिटाला चार विकला.

५० मिमी, एफ २.८, आयएसओ ८००. साठ, नव्वद, एकशेवीस सेकंद. नव्वदपर्यंत तारे गोल, एकशेवीसला मोठं करून पाहिल्यावर थोडे लांबट. नव्वद ठरलं. एफ १.८ वर ही लेन्स ताऱ्यांभोवती जांभळी कड देते, २.८ ला ती जाते.

पाचच्या पुढे वारा इतका वाढला की उरलेल्या फ्रेम हलल्या. ट्रायपॉडच्या मधल्या आकड्याला दगडांची पिशवी टांगली, पण ती स्वतःच झुलते. पिशवी जमिनीला टेकलेली हवी आणि दोरी ताणलेली.


२७ एप्रिल, रविवार

हंगामातली सगळ्यांत सोयीची रात्र. केंद्र पावणेअकराला उगवतं, चारच्या पुढे दक्षिणेला सर्वांत उंच, आणि उजाडायला पाच. चंद्र नाही. मावशींच्या म्हणण्याप्रमाणे आठवडाभर कुणी काही भाजलेलं नव्हतं.

एकच्या सुमारास कोचाब वर आला, अक्ष लावला. ट्रायपॉडचे पाय आखूड, पिशवी टेकलेली. फोकस ज्येष्ठेवर, लाइव्ह व्ह्यू दहापट करून. तारा सर्वांत लहान होतो तिथे थांबून लेन्सच्या रिंगला चिकटपट्टी. इन्फिनिटीच्या खुणेवर भरवसा ठेवू नये, उष्णतेने ती जागा सरकते. लाँग एक्स्पोजर नॉईज रिडक्शन बंद, नाहीतर प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ काळा फोटो काढत बसतो आणि अर्धी रात्र त्यातच जाते.

दीडला सुरुवात. नव्वद सेकंद, मध्ये पाच सेकंद विश्रांती, चाळीस फ्रेम. एकूण एक तास प्रकाश. तेवढ्यात सळई त्रेसष्ट मिमीच्या आसपास सरकली, कंस शेवटपर्यंत चाकात मोकळा फिरला. मध्ये वीस फ्रेम झाल्यावर अक्ष तपासला, हललेला नव्हता.

एप्रिलची खरी अडचण उष्णता. रात्रीही हवा पंचवीस अंशांच्या आसपास, आणि सेन्सर सतत चालू राहिल्याने त्याहून गरम. सेन्सरमधला उष्णतेचा प्रवाह दर सहा-सात अंशांनी साधारण दुप्पट होतो. थंडीतल्या मृगाच्या फोटोत जे लाल-निळे ठिपके हाताने मोजता येतात, ते आज शेकड्यांत. उपाय एकच: डार्क फ्रेम. लेन्सवर झाकण, तेच आयएसओ, तेच नव्वद सेकंद, तीच हवा. घरी जाऊन पंख्याखाली काढलेल्या डार्क उपयोगाच्या नाहीत. कड्यावर बसून काढल्या, आणि त्या वेळात डोळ्यांनी आकाश पाहिलं. त्रिशंकू मावळतीला गेला होता, धनू माथ्याकडे चढत होता, आणि अभिजितपासून निघालेला पट्टा थेट दरीपर्यंत सलग दिसत होता.

उजाडताना पांढरा सुती रुमाल लेन्सवर ताणून फ्लॅट फ्रेम. कोपऱ्यांतला काळोख आणि सेन्सरवरच्या धुळीचे डाग यांनीच जातात. फोकसची रिंग तोवर हलवायची नाही.

निघताना मावशींना पडद्यावर एक फ्रेम दाखवली. त्यांनी विचारलं, “हा मधला काळा पट्टा काय? तिकडं तारे न्हाईत का?” तारे आहेत, त्यांच्या पुढ्यात धूळ आहे, असं सांगितलं.


४ मे, रविवार

संगणकावरचं काम. सगळं सिरिल या खगोलफोटोंच्या सॉफ्टवेअरमध्ये, मोफत आहे आणि पुरेसं आहे. आधी डार्क वजा, मग फ्लॅटने भागाकार, मग तारे जुळवून सरासरी. चाळीस फ्रेमच्या सरासरीने नॉईज सव्वासहा पट कमी होतो, कारण तो फ्रेमसंख्येच्या वर्गमुळाने घटतो. याचा अर्थ असाही की तो आणखी निम्मा करायचा तर एकशेसाठ फ्रेम लागतील. म्हणून एका रात्रीत चाळीस-पन्नासवर थांबावं हे बरं.

उपग्रहांच्या रेघा बऱ्याच फ्रेममध्ये होत्या. सरासरी घेताना जो पिक्सेल इतर फ्रेमपेक्षा फारच वेगळा, तो वगळायचा. सगळ्या रेघा गेल्या. स्थिर ट्रायपॉडवरच्या एकाच फोटोत हे करता येत नाही, अनेक फ्रेम एकत्र करण्याचं (स्टॅक) हेही एक मोठं कारण.

मग रंग. यावर माझे मित्रांशी वाद होतात. आकाशगंगेचा मध्यभाग निळा-जांभळा नाही. तिथले बहुतेक तारे जुने, पिवळसर, आणि मधल्या धुळीतून येणारा त्यांचा प्रकाश आणखी तांबूस होतो. व्हाइट बॅलन्स दिवसाच्या उजेडाचा, ५२०० केल्विनच्या आसपास ठेवला की जे निघतं ते मंद पिवळं, तपकिरी, कडेला करडं. जांभळा रंग स्लायडरने आणलेला असतो. बघणाऱ्याला तो आवडतो हे खरं, पण तो तिथे नाही.

फोटोत काय आलं. ज्येष्ठा नारिंगी, तिच्याभोवती पिवळा मेघ, वर किंचित निळा. ज्येष्ठेच्या शेजारी एम ४ हा तारकागुच्छ, लहानसा खरखरीत गोळा. चौकटीच्या मध्याजवळ काळ्या धुळीचा पाइप, दांडा आणि तोंड दोन्ही ओळखू येतात. डाव्या टोकाला लगून, फिकट गुलाबी. लगून खरं तर याहून लाल असायला हवा. हायड्रोजनचा ६५६ नॅनोमीटरचा प्रकाश साध्या कॅमेऱ्यातल्या फिल्टरमध्ये बराचसा अडतो. तो फिल्टर काढून घेता येतो, पण दिवसाचे फोटो बिघडतात. मी काढणार नाही.

हे काळे मेघ फोटोतून पद्धतशीरपणे नोंदवणारा अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ एडवर्ड बर्नार्ड. १८८९ पासून कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेत तो मूळ पोर्ट्रेटसाठी बनवलेली सहा इंची लेन्स आकाशाकडे रोखून तासन्‌तास प्लेटवर प्रकाश घेत असे, डोळा शेजारच्या दुर्बिणीला लावून, हाताने दिशा सांभाळत. माझी ५० मिमीही लोक चेहऱ्यांसाठीच घेतात. त्याच्या हातांच्या जागी माझ्याकडे दोनशे रुपयांच्या आतबाहेरची मोटर आहे.

तारे चौकटीच्या मध्यापासून तीन-चतुर्थांश भागापर्यंत गोल. उरलेल्या कोपऱ्यांत लेन्सचा पसारा आहे, तिथे कात्री लावली. ज्येष्ठा आणि लगून दोन्ही आत राहिले.


२५ मे, रविवार

परवाची, २७ तारखेची अमावास्या हातची गेली. काल केरळात मान्सून दाखल झाला, नेहमीच्या तारखेच्या आठ दिवस आधी, आणि पुण्यात तर या महिन्यात वळवाचा पाऊस थांबलेलाच नाही. ओमेगा सेंटॉरीचा तारकागुच्छ या वेळी काढायचा होता. तो आता पुढच्या वर्षी, मार्चमध्ये.

यंत्र उघडून पुसलं. सळईला पातळ तेल, प्लायच्या कडांना वॉर्निशचा आणखी एक हात. लेन्स आणि कॅमेरा हवाबंद डब्यात, सिलिका जेलसह. पावसाळ्यात लेन्सवर बुरशी यायला एक महिना पुरतो.


१५ जून, रविवार

बारा बाय अठरा इंचाची प्रिंट काढून आणली. मॅट कागद. पडद्यावर जो काळा रंग बरा वाटत होता तो कागदावर जड झाला, म्हणून सावल्या थोड्या उचलून पुन्हा छापली. दुसऱ्या प्रिंटमध्ये पाइपच्या दांड्यातले बारीक धागेही दिसतात. एक प्रत केळदला द्यायची आहे, रस्ता उघडला की.

पुढचं. २० नोव्हेंबरच्या अमावास्येला देवयानी दीर्घिका रात्री साडेनऊच्या सुमारास उत्तरेकडे ६७ अंशांवर असेल. ती आकाशात तीन अंश लांब आहे, ५० मिमीवर सुमारे ६७० पिक्सेल. एवढ्यात धुळीची कड दिसेल, हात दिसणार नाहीत. त्यासाठी जुनी १३५ मिमीची मॅन्युअल लेन्स पाहून ठेवली आहे. १३५ मिमीला पिक्सेल सहा विकलांचा होतो. अक्ष पाव अंशात धरला तर दीड मिनिटात त्यातच सहा विकला जातील, म्हणजे पूर्ण पिक्सेल, वेगाच्या चुकीला जागाच उरणार नाही. नळी काढून तिथे जुन्या फाइंडर दुर्बिणीतली फुली असलेली आयपीस बसवायची, म्हणजे अक्ष पाच-सहा कलांत धरता येईल आणि घसरण मिनिटाला दीड विकलांवर येईल. अंतर २२८.६ पासून पाव मिमीच्या आत. ते प्लायमध्ये होणार नाही, ॲल्युमिनियमची फळी लागेल. भोसरीतल्या एका लेथवाल्याशी बोललो आहे, तो पाऊस ओसरला की ड्रिल करून देतो म्हणाला.